कामाच्या जागी धूर: दंड मालकाला लावा

२००९-१० ला आपल्या देशात तंबाखूचा एक मोठा सरकारी सर्व्हे झाला, गॅट्स म्हणतात त्याला, आणि तोच सर्व्हे परत २०१६-१७ ला झाला. त्यातले दोन आकडे माझ्या डोक्यातून जातच नाहीत. पहिल्या वेळी घरात दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर खावा लागणारी मोठी माणसं ५२.३ टक्के होती, दुसऱ्या वेळी ३८.७ टक्के. चांगलाच उतरला आकडा. आणि जिथे छपराखाली काम चालतं, ऑफिस, दुकान, कारखाना, तिथे धूर खावा लागणारे किती? आधी २९.९ टक्के, नंतर ३०.२ टक्के. हललंच नाही काही.

आता घरात सिगारेट ओढू नका असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. कामाच्या जागी मात्र २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधी जयंतीचा दिवस धरून, बंदी आहे. म्हणजे जिथे कायदा नाही तिथे धूर कमी झाला आणि जिथे कायदा आहे तिथे तो तसाच राहिला. बरं, ह्या काळात ओढणारेसुद्धा कमी झालेत, १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आलेत, तरी कामाच्या जागी फरक नाही.

हे आकडे दाखवून काही लोक म्हणतात की बघा, कायद्याने काही होत नसतं, लोकांना समज आली की आपोआप होतं. मला हे अजिबात पटत नाही. घरातला धूर कमी झाला कारण घरात कोणीतरी बोलू शकतं. बायको बोलते, आई बोलते, लेक तर सरळ हातातली काढून घेते, घरात तान्हं बाळ असलं की सासूबाई स्वतःच्या मुलाला गॅलरीत पिटाळतात. सगळ्या घरात होतं असं नाही, अजून ३८.७ टक्के माणसांना घरात धूर खावाच लागतो, पण बोलायची सोय तरी आहे. कामाच्या जागी ती सोय नाही. शेठ केबिनमध्ये ओढतोय तर त्याला कोण सांगणार, बाहेर जा म्हणून? सुपरवायझर ओढतोय तर रोजंदारीवरचा पोरगा काय बोलणार? बारमध्ये गिऱ्हाईक ओढतंय तर वेटर बोलेल का, टिप जाईल आणि वर मॅनेजर झापेल ते वेगळंच. ज्याला त्रास होतो त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याला त्रास नाही, आणि कायदा राबवताना आपण अजूनही त्रास होणाऱ्याने तोंड उघडायची वाट बघत बसतो. माझं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

ही सवय आपल्या कायद्यांना जुनी आहे. रेल्वेचा १९८९ चा कायदा बघा, त्यातलं १६७ वं कलम. डब्यात दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायची नाही, असं आहे ते. दंड शंभर रुपयांपर्यंत. म्हणजे आधी हरकत घ्या. त्याच कलमात पुढे रेल्वेला पूर्ण गाडीत बंदी घालायचा अधिकार दिलाय, पण मूळ विचार असा की कोणाची ना नसेल तर चालू द्या. आता जनरल डब्यात चार तगडे गडी दाराशी विड्या फुंकत उभे आहेत आणि आत एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसलीये, ती हरकत घेणार आहे का? आणि तिने नाही घेतली म्हणजे तिला चालतं असं समजायचं का? सार्वजनिक धूम्रपानाची सगळी लढाई खरं तर हीच होती, की हरकत घ्यायची वेळच येऊ नये, नियम आधीपासूनच तिच्या बाजूचा असावा.

ती लढाई कोर्टात जिंकली गेली हे आपण विसरतो. जुलै १९९९ मध्ये केरळ हायकोर्टाने सार्वजनिक जागी सिगारेट ओढणं हा सार्वजनिक उपद्रव आहे आणि दुसऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं. मग आपल्या मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने दवाखाने, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, सरकारी ऑफिसं, बस-रेल्वे ह्या सगळ्या ठिकाणी बंदीचा आदेश दिला. कोर्टाचा प्रश्न साधा होता, जो ओढत नाही त्याने का म्हणून मरायचं. संविधानाचं २१ वं कलम, जगण्याचा हक्क, त्याच्यावर उभा आहे तो निकाल. त्यानंतर २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, आणि २००८ च्या नियमांनी खाजगी ऑफिसं, कँटीन, मॉल, पब, डिस्को सगळं त्यात आणलं. गोव्याने तर १९९७ लाच स्वतःचा कायदा केला होता, धूम्रपान आणि थुंकणं दोन्ही धरून. तेव्हा कायदा नाही, उशीर झाला, असं आपल्याकडे कोणी म्हणू शकत नाही. आयर्लंडने कामाच्या जागी बंदी आणली २००४ ला, इंग्लंडने २००७ ला, आपण २००८ ला. मागे नव्हतो आपण.

आणि २००८ चे नियम नीट वाचले तर माझं जे म्हणणं आहे ते त्यात बऱ्यापैकी लिहिलेलंच आहे, हे बघून मला जास्त वाईट वाटतं. जागेचा मालक, मॅनेजर, सुपरवायझर किंवा जो कोणी इन्चार्ज असेल त्याने बघायचंय की तिथे कोणी ओढणार नाही. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही ठेवायचं नाही. साठ बाय तीस सेंटिमीटरचा बोर्ड प्रत्येक दाराशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात, लिफ्टपाशी लावायचा. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव ठळक दिसेल असं लावायचं. आणि तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही तर जितके गुन्हे झाले तितका दंड त्याच्याकडून घ्यायचा. खाजगी ऑफिसात दंड घ्यायचा अधिकार एचआर नाहीतर ॲडमिनच्या प्रमुखाला दिलाय. कागदावर किती व्यवस्थित आहे बघा सगळं. आता तुम्ही तुमच्या ऑफिसच्या बोर्डावर ते नाव शोधा. मी जिथे जिथे जाते तिथे बघते, बँक, हॉस्पिटल, सोसायटीचं ऑफिस, हॉटेल, बोर्ड बऱ्याच ठिकाणी असतो, नाव जवळपास कुठेच नसतं. आणि असलं तरी एचआरवाला एमडीकडून दोनशे रुपये घेऊन पावती फाडेल असं तुम्हाला वाटतं का, त्याचं अप्रेझल तोच एमडी करतो. तिथेच हा नियम मोडून पडतो. खालच्या माणसाने वरच्याला दंड करायचा, हे आपल्याकडे होणार नाही, कुठल्याच देशात होणार नाही.

मी लग्नाआधी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट बघायचे. शेठची काचेची केबिन, आमची बाहेरची खोली आणि दोन्हीला मिळून एकच एसी, वरून फट मारून हवा बाहेर सोडलेली. शेठ माणूस वाईट नव्हता, अडीअडचणीला पैसे द्यायचा, पण सकाळपासून सिगारेट चालू आणि गाड्यांचे मालक आले की तेही चालू. रिसेप्शनला एक मुलगी होती, तिला सहावा महिना लागला होता, ती दर थोड्या वेळाने जिन्यात जाऊन उभी राहायची. आम्ही सगळे बघायचो आणि कोणी काही बोललो नाही, तीही कधी बोलली नाही, कारण बाळंतपणाची सुट्टी त्याच शेठच्या हातात होती. भिंतीवर धूम्रपानास मनाई असा बोर्ड होता, परवान्याच्या तपासणीला लागतो म्हणून लावलेला. त्या बोर्डाच्या खाली बसून तिने फोन घेतले. बाहेरून एक माणूस वर्षातून एकदा जरी आला असता, टेबलावरचा ॲशट्रे बघून शेठच्या नावाने पाच-दहा हजारांची पावती फाडून गेला असता, तर दुसऱ्या दिवसापासून ती केबिन स्वच्छ झाली असती, ह्याबद्दल मला जराही शंका नाही. कारण तोच शेठ पेट्रोल पंपावर कधी सिगारेट पेटवायचा नाही, विमानात पेटवायचा नाही. सवय सुटत नाही वगैरे सगळं खरं असतं, पण जिथे परवानगी नाही हे पक्कं माहीत असतं तिथे माणूस थांबतो, तासन् तास थांबतो.

विमानाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. एकेकाळी विमानात ओढायच्या सीटा वेगळ्या असायच्या, मागच्या रांगा. आज कोणी असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पण ऑफिसच्या केबिनमध्ये दार बंद केलं की धूर आतच राहतो असं लोक अजून मानतात. नाही राहत. ह्यावर एसी आणि हवा खेळती ठेवायचं शास्त्र बघणाऱ्या इंजिनियरांच्या अमेरिकेतल्या संस्थेने, ॲशरेने, २००५ मध्येच स्पष्ट सांगितलंय की इमारतीच्या आतल्या धुराचा धोका घालवायचा एकच रस्ता आहे, आत ओढूच द्यायचं नाही. एक्झॉस्ट, फिल्टर, वेगळी खोली ह्याने वास कमी होतो, धोका जात नाही. आणि जो धूर दुसऱ्याच्या नाकात जातो त्यातला बराचसा ओढणाऱ्याच्या तोंडातून आलेला नसतोच, तो सिगारेटच्या जळत्या टोकाचा असतो, जो कुठल्या फिल्टरमधून गेलेलाच नाही. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा ह्यांनी नव्वद हजारांहून जास्त अशा बायकांची चौदा वर्षांची माहिती मांडली ज्यांनी स्वतः कधी सिगारेट ओढली नव्हती. ज्यांचे नवरे जास्त ओढायचे त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला. तंबाखू कंपन्यांनी त्या अभ्यासावर खूप चिखल उडवला, माणसं कामाला लावली, पण नंतर देशोदेशी तेच निघत गेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने दुसऱ्याचा धूर हा माणसाला कॅन्सर करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात टाकला. ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहे त्याच गटात. ऑफिसच्या छतातून ॲस्बेस्टॉस पडतंय असं कळलं तर आपण सगळे बाहेर पळू, आणि धुराला मात्र जरा ॲडजस्ट करून घ्या म्हणतो.

हॉटेलांचा विषय मुद्दाम वेगळा काढते कारण तिथे कायद्यानेच भोक ठेवलंय. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त सीटांचं रेस्टॉरंट आणि एअरपोर्ट, ह्यांना स्मोकिंग एरिया ठेवायची सूट आहे. चारी बाजूंनी छतापर्यंत भिंत, आपोआप बंद होणारं दार, हवा बाहेर फेकायची सोय, अशा अटी आहेत. हॉटेलवाल्यांनी आणि सिगारेट कंपनीने २००८ लाच ह्या नियमांना कोर्टात आव्हान दिलं होतं, सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली नाही ते बरं झालं. २०१७ मध्ये अजून एक सुधारणा झाली की स्मोकिंग एरियात काही सर्व्ह करायचं नाही, ती मुख्य करून हुक्का पार्लरांसाठी होती. पण तुम्ही पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या बारमध्ये शनिवारी रात्री जाऊन बघा, त्या काचेच्या खोलीत ग्लास जातात, चकणा जातो, आणि तो घेऊन जाणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो, कुठून तरी जिल्ह्यातून आलेला, रात्री दीडपर्यंत ड्युटी. सर्व्ह केलं नाही तरी ती खोली झाडायला, थोटकं उचलायला कोणीतरी आत जातंच. हॉटेलातली स्मोकिंग रूम गिऱ्हाईक सोडून गेलं की हाऊसकीपिंगची बाई त्याच हवेत चादरी बदलते, एका दिवसात अशा कितीतरी खोल्या. ओढणारा तिथे दोन तास असतो, ती रोज असते. तेव्हा बारमध्ये चालू द्या, ज्याला नको त्याने जाऊ नये, हा जो युक्तिवाद आहे ना, त्यात फक्त गिऱ्हाईक मोजलेलं असतं. काम करणारा माणूस मोजलेलाच नसतो. तो कुठे जाईल?

आयर्लंडने नेमकं हेच ओळखलं. तिथे पब म्हणजे आपल्याकडचा चावडी आणि चहाची टपरी एकत्र केल्यासारखा प्रकार, आणि तरी २९ मार्च २००४ ला आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन ह्यांनी पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागी बंदी आणली. जगात पूर्ण देशाला लागू होणारी अशी पहिली. पबवाले ओरडले की धंदा बुडणार, लोक ऐकणार नाहीत. पण सरकारने हा विषय नैतिकतेचा केला नाही, व्यसनी लोकांना सुधारण्याचा केला नाही, कामगाराच्या तब्येतीचा केला. दंड तीन हजार युरोपर्यंत आणि तो जागा चालवणाऱ्यालाही. झालं काय तर लोक निमूट बाहेर जाऊन ओढायला लागले. स्वतः न ओढणाऱ्या बार कामगारांच्या लाळेत निकोटिनची खूण किती सापडते ते बंदीच्या आधी आणि नंतर तपासलं, ती जवळपास ८० टक्क्यांनी खाली आली होती. शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे तेव्हा बंदी नव्हती, तिथे २० टक्क्यांच्या आसपासच कमी झाली. एवढा फरक. स्कॉटलंडने २००६ मध्ये बंदी आणल्यावर हार्ट ॲटॅकसारख्या तक्रारींनी हॉस्पिटलात भरती होणारे १७ टक्क्यांनी कमी झाले, तो अभ्यास पण गाजला. म्हणजे जिथे कायदा जागेच्या मालकाला धरतो तिथे तो चालतो.

आपल्याकडे काय होतं, पोलीस किंवा महापालिकेची मोहीम निघते ३१ मेच्या, तंबाखूविरोधी दिनाच्या आसपास, बसस्टॉपवर एखादा रिक्षावाला, एखादा हमाल पकडतात, दोनशे रुपयांची पावती, फोटो, बातमी. रिक्षावाल्याने बसस्टॉपवर ओढू नये हे बरोबरच आहे, नियमात ते येतं. पण जिथे दहा-दहा तास लोक त्याच हवेत बसलेत त्या केबिनच्या दारावर कोणी टकटक करत नाही. दंड गरिबाला आणि तोही उघड्यावर, श्रीमंताला आतमध्ये माफी. हे मला अन्यायाचं वाटतं आणि त्याने कायद्याची पत जाते.

आता दुसऱ्या बाजूचं बोलणं. सगळ्यात जास्त ऐकू येणारं म्हणजे, शहरात ट्रॅफिकचा एवढा धूर आहे, बांधकामाची धूळ आहे, कचरा जळतोय, त्यात एका सिगारेटने काय होतंय. अहो पण बाहेर हवा खराब आहे म्हणून आतली पण खराब करायची का? बाहेरची सुधारायला वर्षं लागतील, नियोजन लागेल, पैसे लागतील, आतली आज संध्याकाळी सुधारते, एक पैसा लागत नाही. दुसरं म्हणजे महाराष्ट्रात ओढणारे आहेतच किती. हे खरंय, २०१६-१७ च्या सर्व्हेत आपल्या राज्यात मोठ्या माणसांत ओढणारे फक्त ३.८ टक्के निघाले, तंबाखू खाणारे २४.४ टक्के, आपला प्रॉब्लेम मुख्यतः तंबाखू-मावा-गुटख्याचा आहे आणि गुटखाबंदी २०१२ पासून असून टपरीमागून तो मिळतोच. पण ह्याचा अर्थ उलटा घेतला पाहिजे. शंभरात चार माणसं ओढतात म्हणजे शहाण्णव ओढत नाहीत, मग शहाण्णवांच्या हवेचा नियम चारांच्या सोयीने का ठरावा? आणि खाणारा स्वतःचा जबडा घालवतो, ते दुःख मोठंच आहे, पण त्याच्या शेजारी बसलेल्याला त्याचा कॅन्सर होत नाही.

माझं शरीर माझा हक्क असं तरुण पोरं म्हणतात. बरोबर आहे की, कायदा पण तेच म्हणतो. भारतात सिगारेट ओढायला बंदी नाहीये. उघड्या रस्त्यावर ओढली तर कोटपाखाली सहसा गुन्हा होत नाही, घरात ओढली तर होत नाही. दुसऱ्याचा हक्क जिथे सुरू होतो तिथे थांबा, एवढंच आहे.

विडी कामगार बायकांचा मुद्दा मात्र मी असा पटकन बाजूला सारणार नाही. सोलापूर, सिन्नर, इकडे हजारो बायकांचं घर विड्यांवर चालतं, सोलापुरात तर गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची घरांची मोठी वसाहतच उभी आहे. धूम्रपानाविरुद्ध काही बोललं की लगेच ह्या बायकांना पुढे केलं जातं, त्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून. पण एसी ऑफिसात बंदी पाळली म्हणून विडीवालीचा रोज बुडत नाही, तिचा माल तिथे जातच नाही. तिचा रोज बुडतो तो मजुरी न वाढल्यामुळे, ठेकेदाराने विड्या नापास करून काढून टाकल्यामुळे. आणि कामाच्या जागेचा विषय निघालाच आहे तर तिच्या कामाची जागा कुठली? तिचं घर. सूप मांडीवर, त्यात तंबाखूचा भुगा, शेजारी पोरं अभ्यास करतायत आणि सगळं घर त्या वासाने भरलेलं. ती एकही विडी न ओढता दिवसभर तंबाखू श्वासात घेते. तिच्या नावाने गळा काढणाऱ्या कारखानदारांनी तिला निदान कामाला वेगळी हवेशीर शेड, तोंडाला मास्क, आणि दुसरं काम शिकायचं असेल तर त्याला पैसे द्यावेत. ते कोणी देत नाही. तिच्या पोटाची काळजी आठवते ती फक्त कायद्याला विरोध करायच्या वेळी.

ऑफिसात बंदी पाळली की माणसं गेटवर जमतात, हे खरंय आणि त्याचा त्रासही होतो. आयटी पार्कच्या कुठल्याही गेटबाहेर दुपारी चारला टपरीपाशी घोळका असतो, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या धुरातून जावं लागतं, गेटवरचा सिक्युरिटीवाला तर तिथेच बारा तास उभा असतो. नियमात स्मोकिंग एरिया दाराच्या तोंडाशी नसावी असं आहे, मग दाराच्या बाहेर काही अंतर मोकळं ठेवायला लावलं तर काय बिघडतं? शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असा नियम आहेच ना, तसं अंतर इथेही ठरवता येईल. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट विकायला बंदी केली, पाकिटावरचं चित्र बघितल्याशिवाय कोणी घेऊ नये म्हणून. टपरीवर आजही एकेक मिळते. ह्याचंही कारण तेच, टपरीवाल्याला माहितीये की विचारायला कोणी येणार नाही.

जे ओढतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मला मनापासून सांगायचंय. बहुतेकांना सोडायची असते. कॉलेजात एका झुरक्यापासून सुरू झालेली गोष्ट चाळिशीत गळ्यात पडते, ताण आला की हात खिशात जातो. अशा माणसाला कामाच्या जागी दिवसभर मिळाली नाही तर त्याला उलट मदतच होते, कमी ओढली जाते, कित्येकांची तशीच सुटते. सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, पाकिटावर छापलेली असते. कंपन्यांनी धूम्रपानास मनाईच्या बोर्डाखाली हा नंबर मोठ्या अक्षरात लिहावा. सोडायला मदत म्हणून डॉक्टरचा, निकोटिन गमचा खर्च मेडिक्लेममध्ये घ्यावा, ज्या कंपन्या जिम मेंबरशिपचे पैसे देतात त्यांना हे जड नाही.

आणि दंडाचं काय करायचं. दोनशे रुपये हा आकडा २००३ मधला आहे. चांगल्या सिगारेटचं वीसचं पाकीट आज त्याहून कितीतरी महाग पडतं. केंद्राने २०२० मध्ये कोटपा बदलायचा मसुदा काढला होता, त्यात दंड दोन हजार, वय अठराचं एकवीस, हॉटेल आणि एअरपोर्टमधल्या स्मोकिंग एरिया बंद, सगळं होतं, आणि तो मसुदा तसाच राहिला. कर्नाटक थांबलं नाही. त्यांनी २०२४ मध्ये स्वतःच्या राज्यापुरती दुरुस्ती विधानसभेत मंजूर केली, २०२५ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, दंड हजार रुपये, वय एकवीस. आपल्याला हे जमणार नाही असं मुळीच नाही. कमला मिल्सची आग आठवा, २९ डिसेंबर २०१७, चौदा माणसं गेली, हुक्क्याच्या निखाऱ्यांवर बोट ठेवलं गेलं आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने ह्याच कोटपामध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. मनात आलं तर काही महिन्यांत होतं. आग दिसते म्हणून घाई होते, आणि वेटरच्या फुप्फुसात वीस वर्षांनी निघणारी गाठ दिसत नाही, तिची बातमी होत नाही, तिचा पंचनामा होत नाही.

तेव्हा महाराष्ट्राच्या विधानसभेने दुरुस्ती करताना कर्नाटकाच्या एक पाऊल पुढे जावं. ओढणाऱ्याचा दंड हजार करा, ठीक आहे, पण जागेच्या मालकाचा दंड वेगळा आणि मोठा ठेवा, बंद खोलीत ॲशट्रे किंवा थोटकं सापडली की लगेच, कोणाच्या तक्रारीची वाट न बघता. दुसऱ्यांदा सापडलं तर दुप्पट, तिसऱ्यांदा हॉटेल-बारचा परवाना काही दिवस बंद. फायर ब्रिगेड, अन्न व औषध प्रशासन, कामगार खातं, एक्साइज, ह्यांचे लोक एरवी पण तपासणीला जातातच, त्यांना तिथल्या तिथे पावती फाडायचा अधिकार आणि फॉर्ममध्ये एक रकाना द्या. तक्रारीचा नंबर मालकाच्या माणसाचा नको, बाहेरचा हवा, जिल्ह्याचा, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव विचारायचंच नाही. तीस सीटांची आणि तीस खोल्यांची सूट काढून टाका. हे सगळं करायला नवीन खातं लागत नाही, नवीन माणूस लागत नाही.

तोपर्यंत, तुम्ही मालक असाल, मॅनेजर असाल, सोसायटीचे चेअरमन असाल, क्लासेस चालवत असाल, तर सोमवारी सकाळी टेबलावरचा ॲशट्रे उचलून टाका आणि बोर्डावर तक्रारीसाठी स्वतःचं नाव आणि नंबर लिहा.